माणिक, स्पिनेल आणि आमचे साडू

४ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून आयुष्याला दिशा.

चष्म्याच्या दुकानाच्या वर रत्नपरीक्षेचा क्लास चालतो. तिथे नाव घातलं. दोन महिने, शेवटी लेखी, प्रात्यक्षिक आणि सर्टिफिकेट. विमा कंपनीत मी आयुष्यभर लोकांचे दावे तपासले. खरं काय नि बनावट काय, हे मला फाइल हातात घेताच कळायचं. (दोन-तीन प्रकरणं सोडून. त्यात वरून दबाव होता.) दगड तर बोलूनचालून दगड. तो खोटं बोलून बोलून किती बोलणार.

हिला सांगितलं. ही ड्यूटीवर निघाली होती, हॉस्पिटलात सिस्टर-इन-चार्ज आहे, त्यामुळे कुठलीही बातमी पेशंटचं टेंपरेचर ऐकल्यासारखी ऐकते. म्हणाली, गुडघ्याचे व्यायाम करणार होतात त्यांचं काय झालं. म्हटलं, दोन्ही होईल.

संकल्प: रोज व्यायाम. रोज वाचन. साडूंबद्दल मनात काही ठेवायचं नाही.

५ फेब्रुवारी

व्यायाम राहिला. वाचन: पुस्तकाचं मुखपृष्ठ फार उत्तम आहे.

साडूंचं इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे विषय संपला. सासूबाई पुढच्या महिन्यात धाकट्या मुलीकडे कायमच्या राहायला जाणार. म्हणून गेल्या रविवारी त्यांनी आपले दागिने दोघी मुलींत वाटून टाकले. शेवटी दोन अंगठ्या उरल्या. दोन्हींत लाल खडा, एका मापाचा, एका घडणीचा. मुळात ती कानातल्यांची जोडी होती. सासऱ्यांनी दोन मुली म्हणून दोन अंगठ्या करवल्या. सासूबाईंनी न बघताच एक हिच्या हातावर ठेवली, एक धाकटीच्या.

इथवर ठीक होतं. पण मग साडू उठले, धाकटीची अंगठी खिडकीशी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, वा, अस्सल माणिक.

नुसतं माणिक नाही. अस्सल. साडूंचं टायरचं दुकान आहे.

कोर्सला नाव घातलं त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस विसरणार नाही. क्लासच्या मॅडमनी स्पिनेल शिकवला.

स्पिनेल हाही लाल दगड. माणकाच्याच खाणीत सापडतो, माणकासारखाच दिसतो. शेकडो वर्षं लोक त्याला माणिकच समजत होते. राजेमहाराजांच्या मुकुटांतले कित्येक माणिक शेवटी स्पिनेल निघाले. जुनी माणसं त्याला लालडी म्हणत. लालडी! शब्दातच सगळं आलं.

मॅडमनी फळ्यावर दोघांची तुलना मांडली. उतरवून घेतलं ते असं:

काठिण्य: माणिक नऊ, स्पिनेल आठ. घनता: माणिक चार, स्पिनेल तीन पूर्णांक सहा. म्हणजे एवढ्याच मापाचा माणिक जास्त जड. माणकात शिरलेला प्रकाश दुभंगून दोन वाटांनी जातो, म्हणून त्याचा वक्रीभवनांक दोन आकड्यांत येतो, १.७६ आणि १.७७. स्पिनेलात प्रकाश एकाच वाटेने जातो, एकच आकडा, १.७१८. माणिक एका दिशेने बघितला तर जांभळट लाल, दुसऱ्या दिशेने नारिंगी लाल. स्पिनेल कुठूनही बघा, तोच रंग.

म्हणजे माणिक सखोल. दोन बाजूंनी विचार करणारा. स्पिनेल एकमार्गी, दिसायला झगझगीत, आत एकच सूर.

घरी येईपर्यंत एक चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

१३ फेब्रुवारी

प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचा आहे. माझा विषय ठरला: माणिक आणि स्पिनेल, भौतिक व प्रकाशीय गुणधर्मांची तुलना. मॅडम म्हणाल्या, छान, क्लासचे नमुने वापरा. म्हटलं, माझ्याकडे स्वतःचे नमुने आहेत. त्या म्हणाल्या, घरचे दागिने आणू नका, त्यातून घरात कटकटी होतात, अनुभवाने सांगते.

मॅडम हुशार आहेत, पण आमचं घर त्यांनी पाहिलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

साडूंना फोन केला. म्हटलं, क्लासमध्ये दागिने स्वच्छ करायचं खास तंत्र शिकवलंय, धाकटीची अंगठी पाठवून द्या. यात खोटं काही नाही. स्वच्छ मी करणारच होतो.

पाठवून द्यायच्या ऐवजी स्वतःच आले. संत्र्यांची पिशवी घेऊन. अंगठी रुमालात बांधून दिली. म्हणाले, साडूभाऊ, तुमच्या हातात दिली म्हणजे काळजी नाही. जाताना खाली माझ्या गाडीची चाकं लाथ मारून तपासली, हवा कमी आहे म्हणाले आणि गाडी घेऊन जाऊन भरून आणली. मी सांगितलं होतं का? प्रत्येक गोष्टीत पुढे पुढे करायचं.

संत्री गोड होती. तो संत्र्यांचा गुण.

१८ फेब्रुवारी

प्रयोगशाळा उभारली. जागा: डायनिंग टेबल. साहित्य: भिंग, किचनचा वजनकाटा, दोरा, पाणी, टॉर्च.

घनता काढायची तर आधी खडा हवेत तोलायचा, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायचा. किचनच्या काट्याने दोन्ही अंगठ्यांचं वजन शून्य दाखवलं. काटा बटाट्यांसाठी आहे. शिवाय लक्षात आलं की सोन्यासकट तोलून उपयोग नाही, खडे मोकळे हवेत.

मधल्या वेळात काठिण्याची चाचणी उरकली. हिच्या अंगठीतल्या खड्याने टेबलाच्या काचेवर रेघ ओढली. उमटली. मग धाकटीच्या अंगठीने ओढली. तीही उमटली. आठ काय, नऊ काय, काचेपेक्षा दोन्ही कठीण. हे आधी सुचायला हवं होतं.

संध्याकाळी हिने विचारलं, काचेवर या रेघा कसल्या. म्हटलं, होत्याच की. ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. हॉस्पिटलात ती पेशंटना अशीच बघत असणार.

२१ फेब्रुवारी, दुपारी

मोठी प्रगती. सोनाराकडून दोन्ही खडे काढून आणले. सोनाराने विचारलं, दोन वेगळ्या पुड्या करू का. म्हटलं, कराच. घरी आल्यावर पुड्या सोडल्या आणि खडे दोन कपांत ठेवले. आमचा डाव्या कपात, साडूंचा उजव्या कपात. चिठ्ठ्या लावण्याची गरज वाटली नाही. दोनच तर आहेत. नजर तयार असली की पुरे.

नवीन बारीक काटा आणला आहे, कणभर वजनही दाखवतो. पहिला प्रयोग: डावा खडा. घनता आली बारा. म्हणजे शिशापेक्षा जड. उत्साहवर्धक. दोऱ्याला बुडबुडे चिकटले होते ते नंतर दिसले.

२१ फेब्रुवारी, थोड्या वेळाने

एक बारीकशी बाब नोंदवून ठेवतो.

मघाशी गॅसवाला आला. सिलिंडर आत घेतला, रिकामा दिला, सही केली आणि परत कामाला बसलो. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून या वेळी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसलो. दोन्ही खडे तोलले, पुसले, परत कपांत ठेवले. आमचा डावीकडे, साडूंचा उजवीकडे.

मग मनात आलं, डावीकडे म्हणजे कुठून डावीकडे?

घाबरण्याचं कारण नाही.

२२ फेब्रुवारी

काल खूप विचार केला. दोन्ही खडे शेजारी ठेवून भिंगातून बघितले. दोन्ही लाल. एकाच्या कडेला बारीकसा टवका उडालेला आहे, नखाला लागतो. दुसरा आरशासारखा, आत बघितलं तर एक डाग नाही.

सोनाराकडे पुन्हा गेलो. सहज विचारलं, कुठला कशातला हे सांगता येईल का. तो म्हणाला, दोन्ही खाचा सारख्या, दोन्ही खडे सारखे, पुड्या करून दिल्या होत्या ना. म्हटलं, हो हो, नुसतं विचारलं.

टवक्यावर मनात एक सिद्धांत तयार होतो आहे. टवका मऊ दगडाला उडतो. मऊ म्हणजे आठ. आठ म्हणजे स्पिनेल. आणि स्पिनेल कोणाचा, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. विज्ञानात याला गृहीतक म्हणतात.

२५ फेब्रुवारी

सिद्ध झालं. सिद्ध झालं. सिद्ध झालं.

मॅडम चहाला गेल्या तेव्हा दोन्ही खडे खिशातून काढून क्लासच्या यंत्रावर ठेवले. स्वच्छ खडा: दोन रेषा, १.७६ आणि १.७७. टवक्याचा खडा: एकच रेषा, १.७१८. दोन खिडक्यांच्या नळीतून बघितलं. स्वच्छ खड्याच्या एका खिडकीत जांभळट लाल, दुसरीत नारिंगी लाल. टवक्याच्या दोन्ही खिडक्यांत एकच लाल. प्रकाश अडवणाऱ्या दोन आडव्या-उभ्या काचांमध्ये ठेवून फिरवलं, तर स्वच्छ खडा उजळतो आणि विझतो, टवकेवाला ठार काळोखात. पुस्तकात लिहिलंय तसं, अक्षरशः तसं.

म्हणजे एक माणिक आणि एक स्पिनेल. जोडीतले दोन, पण जात वेगळी. माझ्यासारखा माणूस घरात नसता तर हे कधी कोणाला कळलंच नसतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. स्वच्छ खडा मी खिशात घातला, दुसरा यंत्रावरच राहिला. घरचा आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हणायच्या आत तो त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरलासुद्धा. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, आत आठ पैलूंचे इवलेसे स्फटिक आहेत, नैसर्गिक स्पिनेल, या रंगाचा आणि एवढ्या मापाचा माझ्या बघण्यात फार कमी आलाय, ज्यांचा असेल त्यांना जपून ठेवायला सांगा.

शिक्षकांना साध्या विद्यार्थ्याचंही कौतुक करायची सवय असते.

२७ फेब्रुवारी

आज शांतपणे बसून निर्णय घेतला. मुद्दे असे.

एक, कुठला खडा कशातला हे आता कोणीच सांगू शकत नाही. दोन, म्हणजे अन्याय कोणावरच होत नाही. तीन, ही थोरली आहे. चार, माणकाची पारख करणाऱ्याच्या घरी माणिक असावा, ही नैसर्गिक गोष्ट आहे. पाच, साडूंना फरक कळणार नाही, त्यांना रबरातलं कळतं.

माणिक हिच्या अंगठीत, स्पिनेल धाकटीच्या अंगठीत बसवायला टाकले. सोनार म्हणाला, नक्की ना. त्याला काय करायचंय.

छातीत थोडं जळजळल्यासारखं झालं. ॲसिडिटी.

८ मार्च

सासूबाई धाकटीकडे राहायला गेल्या, म्हणून सगळे तिच्याकडे जेवायला. साडूंनी सासूबाईंच्या खोलीत पलंगापाशी भिंतीला धरायचा दांडा लावून घेतलाय, बाथरूमपर्यंत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतः चालून दाखवत होते. दांडा थोडा तिरका आहे.

जेवणानंतर मी दोन्ही अंगठ्या दिल्या आणि निष्कर्ष जाहीर केला. तक्ता नेला होता, तो फ्रिजला चुंबकाने लावला. काठिण्यापासून सुरुवात केली. वक्रीभवनांकापर्यंत सासूबाई झोपल्या. धाकटीचा स्पिनेल आहे हे मी हळुवारपणे, तिला धक्का बसणार नाही असं सांगितलं.

साडू उठले आणि तक्त्याजवळ गेले. मी त्यांच्या प्रश्नाची तयारी करूनच आलो होतो. ते म्हणाले, म्हणजे ताईंकडे माणिक आला, छान झालं, त्या थोरल्या, आईंचं सगळं आजवर त्यांनीच बघितलं. मग धाकटीकडे वळून म्हणाले, आपली लालडी काय वाईट दिसते? उलट नाव गोड आहे.

याला म्हणतात मनाला न लागल्याचं नाटक. उत्तम करतात.

घरी येताना ही गाडीत बोटातली अंगठी फिरवत होती. माणिक बोटात असल्यावर माणूस अंतर्मुख होतो.

१४ मार्च

प्रोजेक्ट लिहून पूर्ण. व्यायामाला पुढच्या सोमवारपासून सुरुवात. या सोमवारी पाऊल मुरगळलं होतं. (डावं की उजवं, आता आठवत नाही.)

सर्टिफिकेट कुठल्या भिंतीवर लावायचं ते ठरवलं. खिळा ठोकला. प्लास्टरचा एक पोपडा पडला, तो सोफ्यामागे सरकवला.

२२ मार्च

प्रात्यक्षिक परीक्षा.

पाच खडे ओळखायचे होते. मी पाचही वेळेच्या आधी ओळखले आणि बसून राहिलो. मग मॅडमनी प्रोजेक्टबद्दल विचारलं. आकडे उत्तम आहेत म्हणाल्या. म्हटलं, नमुना बरोबर आणलाय. हिची अंगठी मी सकाळी पॉलिशला म्हणून मागून घेतली होती. मॅडमनी आधी कपाळाला हात लावला, मग अंगठी घेतली, भिंगातून बघितली, मग सूक्ष्मदर्शकाखाली. मला वाटलं, आता पुन्हा ते कौतुक.

म्हणाल्या, इकडे या, बघा. बघितलं. लाल दिसलं. म्हणाल्या, नीट बघा, दिवा तिरका करते. मग दिसल्या. आत बारीक बारीक वाकड्या रेषा, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. एका कोपऱ्यात दोन-चार बुडबुडे.

मॅडम म्हणाल्या, निसर्गात माणकात रेषा आल्या तर सरळ येतात. वाकड्या आल्या म्हणजे तो भट्टीत वितळवून केलेला. तुमची घनता बरोबर, वक्रीभवनांक बरोबर, दोन रंग बरोबर. बरोबर येणारच, कारण पदार्थ तोच आहे. फक्त जमिनीतून आलेला नाही, कारखान्यातून आलाय. म्हणून मी पहिल्या आठवड्यापासून सांगतेय, आकडे घेण्याआधी खड्याच्या आत बघा.

मी विचारलं, इतका स्वच्छ, एक डाग नाही, तरी? त्या म्हणाल्या, म्हणूनच.

मग त्यांनी विचारलं, तो दुसरा कुठाय, तो सुंदर स्पिनेल? म्हटलं, नातेवाइकांकडे. त्या म्हणाल्या, नशीबवान आहेत.

जिना उतरताना रेलिंग धरून उतरलो.

२३ मार्च

दिवसभर पडून. हिला सांगितलं, परीक्षेचा शीण.

विचार करता एक गोष्ट स्पष्ट झाली. माझी गणितं एकही चुकलेली नाहीत.

२४ मार्च

मार्ग सापडला. औदार्य.

साडूंच्या दुकानात गेलो. टायरांच्या रांगांमध्ये एक स्टूल टाकून त्यांनी बसवलं, चहा मागवला. मी म्हटलं, त्या दिवसापासून मनाला चैन नाही. धाकटी ती धाकटी, तिच्या वाट्याला लालडी यावी हे बरं दिसत नाही. आपण अदलाबदल करू. माणिक तुम्ही घ्या. आम्ही लालडीत समाधान मानू.

साडूंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, साडूभाऊ, आजकाल कोण असं बोलतं. सख्खा भाऊ बोलत नाही. पण नाही, माणिक ताईंकडेच राहणार, माझ्याकडून हा विषय संपला. मी जोर केला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी आणखी जोर केला. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. मेकॅनिक काम थांबवून बघायला लागले.

अंगठी खिशात घेऊन परत आलो. गाडीच्या चारी चाकांत हवा भरून दिली होती.

हा माणूस कधी कोणाचं ऐकून घेत नाही.

२७ मार्च

साडूंनी माझं औदार्य घरी सांगितलं. धाकटीने फोनवर हिला सांगितलं, आणि बोलता बोलता दागिने वाटले त्या रविवारचा फोटो हिच्या मोबाइलवर पाठवला. दोघींचे हात खिडकीतल्या उन्हात शेजारी शेजारी, बोटांत अंगठ्या.

मी पेपर वाचत होतो. ही समोर बसून फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत होती. मग बोटातल्या अंगठीकडे बघितलं. मग फोटोकडे. मग म्हणाली, माझ्या खड्याच्या कडेला टवका होता, तो कुठे गेला.

म्हटलं, साफ केला ना.

ती म्हणाली, साफ केल्यावर टवका भरून येतो का.

फोटो माझ्यापुढे धरला. टवका स्पष्ट दिसत होता. हिच्या अंगठीत. धाकटीचा खडा आरशासारखा. म्हणजे तो सुंदर स्पिनेल, तो आमचा. होता. मी स्वतःच्या हाताने काढून साडूंना नेऊन दिला आणि त्यांचा भट्टीतला आमच्या अंगठीत बसवला.

हिने एकेक प्रश्न विचारला. आवाज चढवला नाही. मिसळले का? मिसळले. मग सांगितलं का नाहीत? म्हटलं, आधी निष्कर्ष काढायचा होता. मग निष्कर्ष निघाल्यावर चांगला वाटला तो इथे आणि दुसरा तिकडे, असंच ना? म्हटलं, तसं सरळ नाही, त्यात मुद्दे होते. किती मुद्दे? म्हटलं, पाच.

ती म्हणाली, खडा गेल्याचं मला काही नाही. माझ्या बहिणीच्या ताटातलं उचलून माझ्या ताटात वाढलंत, आणि मला न विचारता, त्याचं आहे. आणि ते ज्यांच्याशी केलंत, त्यांनी माझ्या आईसाठी भिंतीला दांडा लावलाय.

डबा घेऊन ड्यूटीवर गेली. माझा चहा ओट्यावर झाकून ठेवलेला होता. तो झाकून ठेवलेला बघून जास्त वाईट वाटलं. का, ते कळलं नाही.

२९ मार्च

ही बोलते. पण फक्त कामापुरतं. गॅस बंद करा. दूध आलंय. बेल वाजली.

आज एकच वाक्य जादा बोलली. म्हणाली, मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं.

संध्याकाळी भाषणाची तयारी. प्रस्तावना: रत्नशास्त्रातील ओळखीच्या समस्या. नंतर: नमुन्यांच्या हाताळणीत संभवणाऱ्या त्रुटी. शेवटी: आभार.

३० मार्च

साडूंकडे गेलो. तक्ता बरोबर नेला होता. ही पण आली, पण आईच्या खोलीत जाऊन बसली, दार उघडं ठेवून.

साडू आणि धाकटी समोर. मी म्हटलं, प्रकाश जेव्हा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात शिरतो. धाकटी मान डोलवत राहिली. मग वक्रीभवनांक. मग नैसर्गिक आणि कारखान्यातले दगड, गुणधर्म समान, जन्म वेगळा. साडू मधेच म्हणाले, साडूभाऊ, पाणी देऊ का, घाम आलाय. धाकटी म्हणाली, भावोजी, काय झालंय ते सरळ सांगा ना.

तक्ता गुंडाळला. म्हटलं, दोन्ही खडे माझ्या हातून मिसळले. कुठला कोणाचा ते मला कळेना. मग जो भारी वाटला तो मी आमच्या अंगठीत घातला, हलका वाटला तो तुमच्या. आणि निघालं उलटं. तुमच्या बोटात आहे तो भारी आणि तो मुळात हिचा. परवा दुकानात आलो ते औदार्य नव्हतं.

इतकं सरळ वाक्य मी विमा कंपनीतही कधी लिहिलं नव्हतं.

साडू उठले आणि आत गेले. मला वाटलं, गेले ते गेले. माझं नाव आता या घरात निघायचं नाही. दुकानातला तो चष्मा पुसणारा चेहरा समोर आला आणि मान वर होईना. ते पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन बाहेर आले. म्हणाले, आधी पाणी प्या. मग स्वतः खुर्चीत बसले आणि म्हणाले, दुकानातलं मात्र लागलं मनाला. मी घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटलो होतो. एवढंच म्हणाले. आवाज पहिल्यांदाच लहान होता.

मी पाणी प्यायलो. दुसरं काय करणार.

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. म्हणाल्या, त्यातल्या एका कानातल्याचा खडा मी तोंड धुताना बेसिनमध्ये घालवला होता. ह्यांनी गुपचूप तसाच दुसरा लाल खडा आणून बसवला, मला कळू नये म्हणून. मला त्याच दिवशी कळलं होतं. बोलले नाही. बिचारे किती दुकानं फिरले असतील. मग म्हणाल्या, मोठ्या जावयांना विचारा, आता तरी जेवणार का.

मग धाकटीही सासूबाईंच्या खोलीत हिच्याकडे गेली. दार लावून घेतलं. आधी बोलणं ऐकू आलं, मग दोघी हसत होत्या. साडू आणि मी बाहेर बसलो. ते म्हणाले, दांडा तिरका झालाय, नाही का. म्हटलं, थोडा. ते म्हणाले, लेव्हल धरायला कोणीतरी लागतं. खोलीचं दार उघडल्यावर आम्ही दोघांनी तो काढून सरळ लावला, म्हणजे स्क्रू त्यांनी पिळले, मी धरून उभा राहिलो. गुडघे दुखले. बोललो नाही.

४ एप्रिल

निकाल. लेखी पास. प्रात्यक्षिक नापास. ओळखलेल्या पाच खड्यांपैकी एक बरोबर, तो काचेचा होता. मॅडम म्हणाल्या, सहा महिन्यांनी परत बसता येईल. म्हटलं, बघतो. भिंतीवरच्या खिळ्याला हिने पिशवी अडकवली आहे.

ही आता पहिल्यासारखी बोलते. म्हणजे साधारण पहिल्यासारखी.

आज जेवताना ती समोर बसली होती. बोटात अंगठी होती. त्या दिवशी खोलीत दोघींनी काय ठरवलं, कोणी काय ठेवलं, मूळचं ज्याचं त्याला गेलं की आहे तसं राहिलं, मला कोणी सांगितलं नाही. साडूंनाही माहीत नाही, त्यांनी विचारलंही नाही म्हणे. सोनाराकडे दोघी मिळून जाऊन आल्या एवढं ठाऊक आहे.

मी बघत राहिलो. खिडकीतून उजेड येत होता. तिने हात वळवला, खडा चमकला. जांभळट वाटला. मग नारिंगी वाटला. मग दोन्ही नाही. कडेला टवका आहे की सोन्याची सावली, इथून कळेना. भिंग शेल्फवर होतं, हात लांबवला असता तर आलं असतं. लांबवला नाही.

ती म्हणाली, काय बघताय. म्हटलं, काही नाही.

खडा लाल आहे. एवढं खात्रीने सांगता येतं.